मंडप उठल्यानंतर

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, नेवासे तालुक्यात, घोडेगाव हे बाजाराचे गाव आहे. कांद्याचे लिलाव आणि जनावरांचा बाजार यांमुळे पंचक्रोशीतलेच नव्हे, तर दूरदूरचे शेतकरी व व्यापारी येथे येतात. शनिशिंगणापूरला निघालेले भाविक याच गावावरून वळतात. रस्त्याच्या एका टोकाला जिल्ह्याचे ठिकाण आहे आणि दुसऱ्या टोकाच्या शहरात शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. ज्याला आपण आडगाव म्हणतो तसे हे गाव नव्हे. रस्ता नाही, गाडी नाही, डॉक्टर नाही, ही ग्रामीण आरोग्याच्या चर्चेतील ठरावीक कारणे येथे फारशी लागू पडत नाहीत. आणि म्हणूनच ग्रामीण स्त्रियांच्या कर्करोगाचा प्रश्न या गावाच्या निमित्ताने विचारात घेण्यासारखा आहे. रस्ता आणि रुग्णालय असूनही जे अंतर उरते, ते कसले?

अशा कोणत्याही बाजारगावात कांदा निवडावयास बसणारी पन्नाशीची एखादी स्त्री डोळ्यांपुढे आणावी. पाळी जाऊन दोन वर्षे झालेली असताना तिला पुन्हा रक्त दिसू लागते. कधी अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाते. ती कोणाला सांगत नाही. सांगितलेच तर जावेला किंवा शेजारणीला सांगते, आणि तिथून उत्तर येते की या वयात असे व्हायचेच. अंगावरून जाणे आणि अंगावर काढणे हे दोन वाक्प्रचार आपल्या भाषेत शेजारी शेजारी आहेत, तसेच ते आपल्या बायकांच्या आयुष्यातही आहेत. कंबर आणि पाय असह्य दुखू लागल्यावर ती रुग्णालयात पोहोचते, तेव्हा रोग पुढे गेलेला असतो. ज्या बाजारात ती रोज बसते तेथे कांद्याच्या प्रत्येक गोणीचे वजन होते, हिशेबपट्टी लिहिली जाते, माल कोणाकडे गेला याची नोंद राहते. तिची स्वतःची नोंद मात्र कोठेही नसते.

या परिस्थितीवर आपल्या समाजाने जे उत्तर शोधून काढले आहे, त्याचे नाव शिबिर. सेवाभावी संस्था, मंडळे, पतसंस्था, साखर कारखाने, एखाद्या नेत्याचा वाढदिवस, महिलादिन, असे कोणतेही निमित्त शिबिराला पुरते. मंडप उभा राहतो, फलक लागतो, पाहुण्यांची भाषणे होतात, स्त्रियांची रांग लागते आणि दुसऱ्या दिवशी छायाचित्रासह वार्ता येते की इतक्या महिलांची तपासणी करण्यात आली. या उपक्रमांमागील सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. घराबाहेर न पडणारी स्त्री शिबिराच्या निमित्ताने प्रथमच डॉक्टरांसमोर जाते, हाही लाभ थोडा नव्हे. तथापि त्या वार्तेत जो आकडा कधी नसतो, तोच खरा महत्त्वाचा आहे. तपासलेल्यांपैकी किती जणींमध्ये दोष आढळला? त्यांपैकी किती जणी पुढील तपासणीला गेल्या? किती जणींचे उपचार सुरू झाले आणि किती जणींचे पूर्ण झाले? मंडप उठल्यानंतर हे विचारणारा कोणी मागे राहत नाही. चिठ्ठी हातात घेऊन घरी गेलेली स्त्री ती चिठ्ठी फडताळात ठेवते आणि पुन्हा कामाला लागते. तपासणीने रोग बरा होत नाही, ही साधी गोष्ट आपण विसरलो आहोत.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच आहे की, स्त्रियांच्या कर्करोगाच्या बाबतीत सेवाभावी संस्थांचे खरे काम शिबिर संपते तेथून सुरू होते, आणि हे सांगण्यासाठी परदेशी दाखला शोधण्याची गरज नाही. त्याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात, आपल्याच खेड्यांतील स्त्रियांनी, मोठी किंमत देऊन सिद्ध केला आहे.

प्रथम रोगासंबंधी दोन शब्द. गर्भाशयमुखाचा कर्करोग हा बहुतांशी टाळता येण्याजोगा कर्करोग आहे. ह्यूमन पॅपिलोमा या विषाणूच्या काही प्रकारांचा संसर्ग दीर्घकाळ टिकून राहिला, तर त्यातून हा रोग उद्भवतो. हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. संसर्ग होण्यापासून रोग होईपर्यंत सामान्यतः दहा-पंधरा वर्षांचा, कित्येकदा त्याहूनही अधिक काळ जातो. या दीर्घ काळात गर्भाशयमुखावरील पेशींमध्ये जे बदल होतात ते ओळखता येतात, आणि गोठवून किंवा उष्णता देऊन ते काही मिनिटांत नष्ट करता येतात. निसर्गाने इतकी मोठी सवलत फार थोड्या कर्करोगांत दिली आहे. असे असूनही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा रोग झाला आणि ऐंशी हजारांच्या आसपास स्त्रिया त्याने मृत्यू पावल्या. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी केवळ १.९ टक्के स्त्रियांनी या रोगासाठीची तपासणी आयुष्यात कधीतरी करून घेतल्याचे आढळले. स्तनाच्या तपासणीचे प्रमाण तर ०.९ टक्का होते. शंभरातील अठ्ठ्याण्णव जणींपर्यंत कोणी पोहोचलेच नव्हते.

आता बार्शीकडे वळू. सोलापूर जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावी डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अश्विनी रूरल कॅन्सर रिसर्च अँड रिलीफ सोसायटी या संस्थेच्या द्वारे नर्गिस दत्त यांच्या स्मरणार्थ कर्करोग रुग्णालय उभे केले. मुंबई-पुण्यावाचून कर्करोगाचा विचारही होऊ शकत नाही, अशी समजूत असलेल्या काळातील ही गोष्ट आहे. १९८७ साली तेथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, भूम आणि परंडा या तीन तालुक्यांतील खेड्यांत कार्यकर्ते जात, लोकांशी बोलत, लक्षणे समजावून सांगत, संशयित रुग्णांना रुग्णालयात आणत आणि नोंद ठेवीत. ही नोंद निव्वळ कागदावर मोजदाद करणारी नव्हती. तीच माणसे त्याच गावांत पुन्हा पुन्हा जात होती. काही वर्षांतच दिसून आले की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या आहेत. डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अनुभव शोधनिबंधाच्या रूपाने जगापुढे मांडला. येथे कोणतेही महागडे यंत्र आलेले नव्हते. कोणीतरी सातत्याने विचारपूस करीत होते, इतकेच.

याच पायावर पुढे एक मोठा अभ्यास उभा राहिला. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ ते २००३ या काळात तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांना त्यात सहभागी करून घेण्यात आले. बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय संस्था यांचे हे संयुक्त काम होते. खेड्यांचे बावन्न समूह करून त्यांचे चार गट पाडले. एका गटाची विषाणू शोधणारी चाचणी झाली, दुसऱ्याची पेशींची, तिसऱ्याची अॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची. प्रत्येक स्त्रीची तपासणी एकदाच करण्यात आली. चौथ्या गटाला नेहमीची वैद्यकीय सेवा तेवढी उपलब्ध होती. आठ वर्षांच्या निरीक्षणानंतर २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूचाचणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते. ज्यांची तपासणी झाली नाही त्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात ६४. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने आणि तिच्या मागोमाग दिलेल्या उपचारांनी मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्मे झाले. उरलेल्या दोन चाचण्यांनी तेथे तसा ठळक फरक पडल्याचे दिसले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली विषाणूचाचणी हीच प्राथमिक तपासणीची पद्धत असावी अशी शिफारस केली, तेव्हा त्यामागे जे पुरावे होते त्यांत मराठवाड्यातील या स्त्रियांचा वाटा फार मोठा होता. गोष्ट इथेच संपत नाही. २००९ मध्ये या विषाणूवरील लशीच्या मात्रांचा जो अभ्यास भारतात सुरू झाला, त्यातही बार्शी हे एक केंद्र होते. दुसऱ्या एका प्रकल्पावरून उठलेल्या वादामुळे २०१० मध्ये अभ्यासातील लस देणे थांबले आणि हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. पुढील अनेक वर्षांच्या निरीक्षणात ती एक मात्राही परिणामकारक असल्याचे दिसून आले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्याला या मुलींचा आधार होता. गरीब देशांना लस परवडू लागण्यात आपल्या खेड्यांतील मुलींचा हात आहे, हे आपल्या शाळांतून कोणी सांगत नाही.

या ज्ञानाची किंमत कोणी दिली, हेही नमूद केले पाहिजे. तुलनेसाठी ज्या स्त्रियांची तपासणी केली नाही, त्यांच्यासंबंधी पुढे वैद्यकीय नीतिशास्त्राच्या क्षेत्रात कडक टीका झाली. रोग टाळण्याचा मार्ग ठाऊक असताना एका गटाला त्यापासून दूर ठेवावे काय, हा प्रश्न सहज झटकून टाकण्यासारखा नाही. देशात अशी तपासणी कोणालाच मिळत नव्हती, तेव्हा कोणाचे काही हिरावून घेतले नाही, असे त्याचे समर्थन करण्यात आले. या वादाचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु वादात कोणतीही बाजू घेतली तरी एक निष्कर्ष अटळ आहे. त्या चौसष्ट जणींच्या मृत्यूतून जे शिकावयास मिळाले, ते त्यांच्या लेकीसुनांना मिळालेच पाहिजे. हे ऋण आहे. पाहणीतील त्या १.९ टक्क्यांनी ते किती फेडले गेले, हे सांगावयास नको.

या ठिकाणी एक आक्षेप संभवतो. विषाणूचाचणीला प्रयोगशाळा लागते, पैसा लागतो. मग ती प्रत्येक गावी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसावयाचे काय? मुळीच नाही. डोळ्यांनी करावयाच्या स्वस्त तपासणीची कथा मोठी उद्बोधक आहे. उस्मानाबादेत एकदाच केलेल्या अशा तपासणीने मृत्यू ठळकपणे घटले नाहीत. तामिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्यात मात्र प्रशिक्षित परिचारिकांनी तीच तपासणी एकदा केली आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी खाली आले. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री व सहकाऱ्यांनी १९९८ पासून दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या वस्त्यांत डॉक्टर नसलेल्या, अल्पकाळ प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी याप्रमाणे चार वेळा ही तपासणी केली, आणि बारा वर्षांनंतर मृत्यूचे प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. पद्धत तीच, परिणाम निरनिराळे. डोळ्याने करावयाची तपासणी डोळ्याच्या शिक्षणावर, देखरेखीवर आणि पुनःपुन्हा जाण्यावर अवलंबून असते, हाच त्याचा अर्थ. त्याच वस्त्यांत आरोग्यसेविकांनी हाताने केलेल्या स्तनतपासणीचे वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नाशीच्या पुढील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले होते, मात्र त्याखालील वयाच्या स्त्रियांत तसा लाभ दिसला नाही. म्हणजे यंत्रापेक्षा सातत्य स्वस्त आहे. पण सातत्य शिबिरात सापडत नाही.

तपासणीची विश्वसनीय व्यवस्था नसली म्हणजे तिची जागा भीती घेते, आणि या भीतीचा व्यापार होतो. याचे उदाहरण आपल्या दाराशी आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर होत असल्याचे उघडकीस आल्यावर राज्य शासनाने २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे सहा जणींमागे एक. यांतील कित्येक टोळ्या दर हंगामात अहिल्यानगर जिल्ह्यातील कारखान्यांवर येतात. पाळीच्या तक्रारी, कामाचा खाडा, तोडीच्या फडावरील अस्वच्छता, मुकादमाची उचल अशी अनेक कारणे त्यामागे आहेत. परंतु पिशवी काढली नाही तर कर्करोग होईल, ही धास्तीही त्यात होती, असे या स्त्रियांनी वारंवार सांगितले. जी शंका एका साध्या तपासणीने दूर झाली असती, तिच्यापायी तिशीतल्या स्त्रियांनी अवयव गमावला आणि वर कर्ज काढले. कर्करोगाविषयी जागृती करावयास निघालेल्या प्रत्येक संस्थेने हे लक्षात ठेवले पाहिजे. तपासणी व उपचार यांची सोय न करता नुसती जागृती केली, तर आपण भीतीच्या व्यापाऱ्यांना गिऱ्हाइके जमवून देतो.

मग सेवाभावी संस्थांनी करावयाचे काय? या क्षेत्रात त्यांची परंपरा थोर आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सर दोराबजी टाटा न्यासाने उभे केले. ते केंद्र सरकारकडे गेले ते पुढे १९५७ मध्ये. डॉ. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी १९५१ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली. मद्रासला अड्यार येथे डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या प्रयत्नांनी १९५४ मध्ये कर्करोगसंस्था सुरू झाली, ती एका स्त्रीसंघटनेच्या आश्रयाखाली. खुद्द आपल्या जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० पासून जे काम उभे केले, त्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अक्षरओळखही नसलेल्या, कित्येकदा दलित वस्तीतल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले आणि त्या गावाच्या आरोग्यसेविका झाल्या. बाईचे दुखणे बाईच्या कानी पडते आणि तेही ओळखीच्या बाईच्या, हे आरोळे दांपत्याने ओळखले होते. जामखेडपासून भूम-परंडा दूर नाही. एका बाजूला माणूस जोडण्याची विद्या आणि दुसऱ्या बाजूला रोग शोधण्याची विद्या अशा दोन्ही विद्या आपल्या शेजारी असताना नेवासे तालुक्याला तिसरीकडे पाहण्याचे कारण नाही.

हे सारे शासनाचे काम आहे, संस्थांनी ते अंगावर का घ्यावे, असेही म्हटले जाईल. शासनाचेच ते काम आहे, यात वाद नाही. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांची तपासणी शासकीय केंद्रांत व्हावयाची आहे. आशा कार्यकर्ती आहे, उपकेंद्र आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची तरतूद आहे. संस्थेने दुसरे उपकेंद्र काढू नये आणि शासनाच्या उणिवेवर पांघरूणही घालू नये. या सर्व व्यवस्थांच्या मधल्या ज्या फटी आहेत, त्यांतून स्त्री निसटून जाते. तेथे उभे राहणे हे संस्थेचे काम आहे.

या फटी कोणत्या, ते पाहावे. पुढे गेलेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर किरणोपचार करतात, तेव्हा आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सुमारे पाच आठवडे रोज रुग्णालयात जावे लागते. त्यानंतर आतून द्यावयाचे किरणोपचार असतात. योजना उपचारांचे बिल देते. परंतु शहरात दीड-दोन महिने राहावयाचे कोठे, सोबत कोणी यावयाचे, त्याचा बुडालेला रोज कोणी भरून द्यावयाचा, घरी मुलांना भाकरी कोणी करून घालावयाची, गोठ्यातल्या म्हशीला वैरण कोणी टाकावयाची? दुखणे थोडे कमी झाले की उपचार अर्धवट टाकून स्त्री घरी परत येते, ती याच प्रश्नांपायी. मुंबईत दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी रुग्णांना आसरा देऊन किती जणींचे उपचार तडीस नेले असतील, याची गणती नाही. कीर्तनातून देव माणसात दाखविणाऱ्या गाडगेबाबांना रुग्णाच्या नातेवाइकाची अडचण जी कळली, ती मोठमोठ्या योजनांना अद्याप कळलेली नाही.

आणखी एक फट आहे, ती लाजेची. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, एवढे ऐकले की सासरी स्त्रीच्या चारित्र्याची चौकशी सुरू होते. वस्तुतः हा संसर्ग इतका सर्वसामान्य आहे की, विवाहित स्त्रीपुरुषांपैकी बहुतेकांना तो आयुष्यात केव्हातरी होऊन जातो आणि बहुतेकांचा तो आपोआप नाहीसा होतो. चाचणीत तो आढळणे हा कोणाच्याही वर्तनाचा दाखला नव्हे. ही गोष्ट नवऱ्याला, सासूला समजेल अशा शब्दांत सांगणारे कोणी नसेल, तर चाचणी हीच स्त्रीवरील आरोप होऊन बसेल. विषाणूचाचणीचा नमुना स्त्रीला स्वतःच, आडोशाला जाऊन घेता येतो, ही सोय यासाठी मोलाची आहे.

तेव्हा सूचना अशी की, संस्थांनी गावोगावी शिबिरे घेत फिरण्याऐवजी एकेक तालुका दहा वर्षांसाठी पत्करावा. तीन वर्षांचे अनुदान संपले की कार्यालयाला कुलूप, ही पद्धत या रोगाला चालत नाही. कारण रोगाची चालच दहा-पंधरा वर्षांची आहे. पत्करलेल्या तालुक्यात तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीची नोंद आशा कार्यकर्तीच्या मदतीने करावी आणि ती गुप्त राखावी. उपचाराची जोड आधी निश्चित केल्याखेरीज एकाही स्त्रीची तपासणी करू नये. जिच्यात दोष आढळेल तिच्याबरोबर पहिल्या दिवसापासून शेवटच्या उपचारापर्यंत जाणारी एक सोबतीण असावी. शक्य तर ती याच रोगातून बरी झालेली असावी, आणि तिला मानधन मिळावे. गरीब बाईच्या सेवाभावावर फुकट काम करून घेणे ही काही सेवा नव्हे. प्रवास, जेवण आणि बुडालेला रोज यांसाठी छोटा निधी हवा. शेतकऱ्याच्या उसाच्या बिलातून आणि कांद्याच्या पट्टीतून नाना कारणांनी कपात होते. ज्यांच्या हातांनी ऊस तोडला जातो आणि कांदा निवडला जातो, त्यांच्यासाठी कारखान्यांनी व बाजार समित्यांनी आपल्या नफ्यातून थोडे बाजूला काढले तर ते दान ठरणार नाही, देणेच ठरेल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, संस्थेच्या वार्षिक अहवालात तपासलेल्यांचा आकडा शेवटी आणि उपचार पूर्ण झालेल्यांचा आकडा आरंभी छापावा.

या कामात आपला, म्हणजे शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी या वाचकवर्गाचा भाग लहान नाही. योजनेचे अर्ज, शिधापत्रिकेवरील नावातील चूक, आधारवरील जन्मतारीख यांपाशी जी स्त्री अडते, तिला एखादा जाणता कारकून अर्ध्या तासात मोकळी करू शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ता झाडणाऱ्या महाविद्यालयीन मुलींनी एक वही घेऊन, गेल्या वर्षी तपासणी झालेल्या स्त्रियांपैकी कोण कोठे अडकली आहे, एवढे आशा कार्यकर्तीबरोबर जाऊन विचारले तरी पुष्कळ होईल. शिक्षकांना तर दोन पिढ्यांशी एकाच वेळी बोलता येते. नऊ ते चौदा वयाच्या मुलींसाठी लस आहे; पुण्याच्या सिरम संस्थेने तयार केलेली भारतीय लसही २०२३ पासून उपलब्ध आहे. सिक्कीमने २०१८ मध्ये शाळांच्याच द्वारे बहुतेक सर्व मुलींना लस देऊन दाखविली. मुलीच्या लशीसाठी आई शाळेत येईल, तेव्हा शिक्षिकेने तिला हलक्या आवाजात विचारावे, तुमची तपासणी झाली का? लशीचा लाभ मुलीला वीस-तीस वर्षांनी दिसेल. आईला तेवढा अवधी नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सर्व देशांपुढे ठेवलेले लक्ष्य असे आहे की, २०३० पर्यंत नव्वद टक्के मुलींना लस मिळावी, सत्तर टक्के स्त्रियांची पस्तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत चाचणी व्हावी, आणि दोष आढळलेल्या नव्वद टक्के स्त्रियांवर उपचार व्हावेत. यांतील पहिले दोन आकडे सरकार पैसा खर्च करून गाठू शकेल. तिसरा आकडा माणसांनी माणसांच्या मागे लागल्यावाचून गाठता येत नाही. बार्शीने हेच केले होते.

घोडेगावच्या बाजारात कांद्याची गोणी हरवली तर तिचा शोध लागतो, कारण तिची पट्टी असते आणि तिचा कोणी धनी असतो. तपासणीची चिठ्ठी घेऊन घरी गेलेल्या स्त्रीचीही तशी एक पट्टी असावी, आणि ती पूर्ण होईपर्यंत स्वस्थ न बसणारे कोणीतरी असावे. याहून अधिक काही मागावयाचे नाही. याहून कमी देऊन मात्र आपण सेवा केली, असे कोणी म्हणू नये.